कोपरामागची नस

आपला उजवा हात कोपरात अर्धा दुमडा आणि डाव्या हाताची दोन बोटे कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यामागे टेकवा. तिथल्या खोबणीत, कातडीच्या लगेच खाली, काहीतरी गोल, मऊ आणि बोटाखाली किंचित सरकणारे लागते. ती अल्नर नस. कोपर दाराला आपटले की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती हिच्यामुळेच. करंगळीची आणि शेजारच्या अर्ध्या बोटाची संवेदना ही नस वाहून नेते आणि पंजातल्या बहुतेक लहान स्नायूंना हालचालीचा हुकूमही तीच पोचवते. सुईत दोरा ओवायचा, रोवणीच्या वेळी भाताचे रोप चिमटीत धरायचे, तेंदूची पाने जुळवून पुडा बांधायचा, तर या नसेवाचून भागत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यातल्या आरोग्य केंद्रांमध्ये या नसेला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. १९८२ साली गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा एकच जिल्हा होता आणि महाराष्ट्रात कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सातत्याने सापडणाऱ्या भागांत हे दोन्ही जिल्हे मोडतात. संशयित रुग्ण समोर बसला की तपासणारा त्याची दोन्ही कोपरे एकाच वेळी चाचपतो. कोणती नस जाड लागते, कोणती टणक, कोणती दाबल्यावर दुखते, हे बोटांनीच ठरवायचे असते. चाचपताना नजर मात्र कोपरावर ठेवायची नाही, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची, असे शिकवले जाते. नस हुळहुळी असेल तर माणूस तोंडाने बोलण्याआधी त्याच्या भुवया आक्रसतात.

कुष्ठरोग म्हटले की आपल्याला अंगावरचा चट्टा आठवतो. चट्ट्यावरूनच रोग ओळखला जातो हे खरे. परंतु चट्ट्याने कोणाचा हात गेलेला नाही. हात जातो, पाय जातो, डोळा जातो तो नसेमुळे. कुष्ठरोग हा मुळात मज्जातंतूंचा आजार आहे आणि नस निकामी होण्याआधी ती आजारी असल्याचे कळणे, हा त्यातला सगळ्यात कळीचा प्रश्न आहे. मज्जातंतू प्रत्यक्ष पाहण्याचे जे शास्त्र गेल्या काही दशकांत उभे राहिले, ते म्हणूनच या दोन जिल्ह्यांच्या जिव्हाळ्याचे आहे. त्याची सुरुवात मात्र आईच्या पोटातून करावी लागते.

नस उगवते कशी?

गर्भधारणेनंतर चौथा आठवडा संपता संपता भ्रूण जेमतेम काही मिलिमीटरचे असते. त्याच्या पाठीवरचा पेशींचा पट्टा दुमडून त्याची नळी झालेली असते. हीच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनते. नळी मिटताना तिच्या काठावरच्या काही पेशी सुट्या होतात आणि शरीरभर प्रवासाला निघतात. विल्हेल्म हिस या शास्त्रज्ञाने १८६८ साली कोंबडीच्या भ्रूणात हा काठ प्रथम ओळखला. त्याला आज न्यूरल क्रेस्ट म्हणतात. संवेदना वाहणाऱ्या चेतापेशी, कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि मज्जातंतूंना वेढून राहणाऱ्या श्वान पेशी या सगळ्या याच प्रवाशांमधून तयार होतात. श्वान पेशींचे नाव लक्षात ठेवावे, कारण कुष्ठरोगाचा जंतू पुढे त्यांच्याच आत घर करतो.

याच सुमारास भ्रूणाच्या दोन्ही बाजूंना हाताचे अंकुर फुटतात. पाचव्या आठवड्यात मज्जातंतू त्यांत शिरू लागतात. चेतापेशीचे मूळ शरीर मानेजवळ, कण्याच्या आसपासच राहते. तिच्यातून एक तंतू निघतो आणि वाढत वाढत अंकुरात घुसतो. हा तंतू एकाच पेशीतून उगवतो, की वाटेतल्या अनेक पेशी जुळून बनतो, यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९० मध्ये तंतूच्या वाढत्या टोकाचे वर्णन केले. १९०७ मध्ये रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवला आणि त्यातून तंतू बाहेर पडून वाढताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तंतू पेशीतूनच उगवतो, हे त्या थेंबाने सिद्ध केले.

पुढे हात लांबतो तसा तंतूही लांबतो. मोठ्या माणसात मानेपासून करंगळीच्या टोकापर्यंतचे अंतर पाऊण मीटरच्या आसपास भरते आणि एवढ्या लांबीचा तंतू एकाच पेशीचा असतो. त्याच्या संपूर्ण वाटेवर श्वान पेशी ओळीने बसलेल्या असतात. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत त्या जाड तंतूंभोवती मायलिनचे वेढे घालू लागतात. त्यामुळे संदेश वेगाने धावतो. तंतूंचे जुडगे, जुडग्याभोवती एक चिवट वेष्टन आणि अशी अनेक जुडगी बांधणारे बाहेरचे आवरण, मिळून एक नस होते.

पारदर्शक केलेले भ्रूण

मज्जातंतूंची ही वाढ मानवी भ्रूणात पाहणे फार काळ जिकिरीचे होते. भ्रूण मेणात बसवायचे, त्याचे शेकडो पातळ काप करायचे, एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि मग त्यांवरून मोठ्या आकाराची प्रतिकृती घडवायची, अशी ती पद्धत. केसासारख्या बारीक नसेचा माग या कापातून त्या कापात काढताना ती हरवायची.

पॅरिसमध्ये आलँ शेदोताल, मॉर्गान बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर दुसरी वाट काढली. त्यांचे काम २०१७ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ऊतीतून प्रकाश आरपार जात नाही, कारण तिच्यातले पाणी, स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने प्रकाशाला वेगवेगळे वाकवतात. रसायनांच्या पायऱ्यांमधून नेऊन पाणी आणि स्निग्ध पदार्थ काढले, उरलेल्या ऊतीला जुळेल असा द्रव भरला, की अख्खे भ्रूण काचेसारखे पारदर्शक होते. त्याआधी त्यात फक्त मज्जातंतूंनाच चिकटणारी, चमकणारी प्रतिपिंडे मुरवलेली असतात. मग प्रकाशाचा अतिशय पातळ पडदा एका बाजूने आत सोडायचा, उजळलेला एकेक थर टिपायचा आणि संगणकावर ते थर एकत्र रचायचे. कापाकाप न करता भ्रूणाच्या सगळ्या नसा एकाच वेळी, सर्व बाजूंनी फिरवून पाहता येतात. कायदेशीर गर्भपातानंतर स्त्रियांनी संमतीने दिलेल्या, पहिल्या तीन महिन्यांच्या आसपासच्या भ्रूणांवर आणि गर्भांवर हे काम झाले.

त्यातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कातडीला नसा पुरवणारी जाळी मोठ्या माणसात जशी असते, जवळजवळ तशीच ती पहिले तीन महिने संपण्याआधीच उभी राहिलेली असते. तोवर आईला बाळाची हालचालही जाणवू लागलेली नसते. दुसरे असे की नसांच्या फांद्या सर्वांमध्ये सारख्या फुटत नाहीत. माणसामाणसांत फरक असतो आणि एकाच शरीराच्या दोन बाजूंमध्येही असतो. शरीररचनेच्या पुस्तकात करंगळीच्या बाजूची बधिरता एका सरळ रेषेने दाखवलेली असते. खऱ्या हातावर ती रेषा इकडेतिकडे सरकते, आणि हा सरकलेपणा जन्माच्या कितीतरी आधी ठरलेला असतो. बधिर भागाची सीमा कापसाने शोधणाऱ्या आरोग्यसेवकाने पुस्तकातल्या चित्रापेक्षा समोरच्या माणसाच्या उत्तरावर का विसंबावे, याचे कारण यात सापडते.

थंड जागेच्या शोधातला जंतू

गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेन इथे कुष्ठरोगाचा जंतू शोधला. जंतूमुळे माणसाला रोग होतो, हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या शोधांपैकी हा एक. पण हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. आजही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे १२ ते १४ दिवस लागतात. म्हणूनच लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत कित्येक वर्षे जातात.

जंतू वाढवण्याच्या या कोड्याशी चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचा थेट संबंध आहे. बाबा आमटे यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम केला. तिथे, जंतू माणसाच्या शरीरात वाढवता येतो का हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःचे शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती या जंतूला पुरून उरते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा ते खात्रीने माहीत नव्हते, म्हणून त्या निर्णयाचे मोल वेगळे आहे. १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर सहा रुग्णांसह त्यांनी आनंदवन ही कुष्ठरुग्णांची वसाहत सुरू केली.

जंतू वाढवण्याचा मार्ग १९६० मध्ये चार्ल्स शेपर्ड यांना सापडला, तोही उंदराच्या तळपायात. १९७१ मध्ये आर्माडिलो या अमेरिकेतल्या खवल्या प्राण्यात तो भरपूर वाढतो असे दिसले. उंदराचा तळपाय शरीराच्या मानाने थंड असतो, आर्माडिलोचे शरीरच मुळात थंड असते. माणसाच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा कमी, ३० ते ३३ अंशांच्या आसपासचे तापमान या जंतूला मानवते. आता मोठ्या नसा कातडीच्या अगदी जवळ कुठे येतात ते आठवा. कोपरामागे, मनगटाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या आतल्या बाजूला, गालाच्या हाडावर. कुष्ठरोगात नसा नेमक्या इथेच जाड होतात. वेल्लोरला हाताच्या शस्त्रक्रियांचा पाया घालणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीही कातडीलगतच्या या जागांकडे लक्ष वेधले होते.

नसेत शिरलेला जंतू श्वान पेशीत राहतो. तो तिथे वर्षानुवर्षे गुपचूप असू शकतो. खरा घात बहुधा शरीराच्या प्रतिकाराने होतो. प्रतिकारशक्ती अचानक जागी होते, नसेत दाह सुरू होतो, सूज चढते. डॉक्टर याला रिॲक्शन म्हणतात. जुडग्याभोवतीचे वेष्टन चिवट असल्याने सूज बाहेर पसरत नाही, आतले तंतूच चेपले जातात. रिॲक्शन उपचार चालू असताना येऊ शकते, उपचार संपल्यावरही येऊ शकते. काही वेळा नस अजिबात न दुखता, मुकाट निकामी होत जाते.

त्यानंतरचे सगळे नुकसान बधिरतेतून होते. चुलीवरचे गंज उतरवताना बोट भाजते आणि कळत नाही. जंगलात अनवाणी चालताना काटा रुततो, तो संध्याकाळपर्यंत पायातच राहतो. घाम थांबल्याने कातडी कोरडी पडून भेगाळते. भेगेतून जखम, जखमेतून हाडापर्यंत पू. बोटे ‘झडतात’ असे लोक म्हणतात, पण जंतू बोटे खात नाही. वेदनेची राखण गेलेल्या हाताला पुन्हा पुन्हा इजा होते आणि बोट थोडे थोडे आखूड होत जाते. आनंदवनात ज्यांनी विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग चालवला, त्यांतले अनेक जण जंतूपासून पूर्ण बरे झालेले होते. नसा मात्र परत आल्या नव्हत्या. तुटलेला तंतू वाट मोकळी असेल तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. कोपरापासून करंगळीपर्यंत जायला त्याला वर्षभर लागते. कुष्ठरोगात आतली वाटच व्रणांनी बुजलेली असते, म्हणून तो बहुतेकदा पोचत नाही.

बोटांच्या पुढे, पडद्यावर

नस चाचपण्याची कला मोलाची आहे, पण तिला मर्यादा आहेत. एकाच कोपराबद्दल दोन अनुभवी तपासणाऱ्यांचे मत वेगळे पडू शकते. बोटाला जाडी कळते, आत काय चालले आहे ते कळत नाही. आणि कोपरापासून वर दंडात खोल गेलेला भाग बोटांच्या आवाक्यात येत नाही.

इथे सोनोग्राफी कामाला येते. पोटाच्या तपासणीत वापरतात त्याहून उच्च वारंवारितेचा, सपाट तोंडाचा प्रोब कोपरावर टेकवला की कातडीखालच्या दोन-तीन सेंटिमीटरचे बारकावे दिसू लागतात. निरोगी नस आडवी पाहिली तर तिचे चित्र मधाच्या पोळ्यासारखे दिसते: तंतूंची जुडगी म्हणजे काळपट घरे आणि त्यांच्यामधली आवरणे म्हणजे उजळ भिंती. कोपरापाशी अल्नर नसेच्या छेदाचे क्षेत्रफळ निरोगी माणसात साधारण १० चौरस मिलिमीटरच्या आत असते. कुष्ठरोगात ते वाढते, कधी कधी कित्येक पट. घरांच्या भिंती पुसट होतात, घरे फुगतात, एकमेकांत मिसळतात. ही वाढ पुष्कळदा खोबणीच्या काही सेंटिमीटर वर सर्वाधिक असते. प्रोब दंडाकडे सरकवत नेला की ती सापडते.

याहून मोलाचा आहे रंगीत डॉपलर. निरोगी नसेत रक्तप्रवाह इतका अल्प असतो की यंत्राला तो सहसा दिसत नाही. रिॲक्शनमध्ये दाह पेटलेला असेल तर नसेच्या आत लाल-निळे ठिपके लुकलुकू लागतात. म्हणजे नस केवळ जाड आहे, की आत्ता या क्षणी तिचा नाश चालू आहे, हे वेगळे सांगता येते. जुनी, शांत झालेली जाड नस आणि आजची धगधगती जाड नस बोटांना सारखीच लागू शकते. उपचार मात्र दोघींचे निराळे आहेत. इटलीत कार्लो मार्तिनोली यांच्या गटाने २००० मध्ये कुष्ठरोगातल्या नसांची सोनोग्राफी आणि एमआरआय यांचा अभ्यास मांडला. २००९ मध्ये हैदराबादच्या डॉ. सुमन जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय रुग्णांच्या नसांची निरोगी भारतीयांशी तुलना करून हेच दाखवले: रुग्णांच्या नसा जाड असतात आणि रिॲक्शनमध्ये त्यांतला रक्तप्रवाह वाढतो.

यंत्र सगळे सांगत नाही. पाहणाऱ्याचा हात तयार असावा लागतो. काही नसा उपचारानंतरही जाडच राहतात. पेनाचे टोक किंवा नायलॉनचा तंतू टेकवून केलेली संवेदनेची तपासणी, करंगळी बाजूला ताणून धरायला लावून केलेली स्नायूंची तपासणी, यांची जागा चित्र घेऊ शकत नाही. चित्र या तपासण्यांच्या जोडीला हवे.

एक यंत्र, दोन उपयोग

जंगलातल्या गावापर्यंत ही तपासणी न्यायची तर वाटेत एक कायदा येतो, आणि तो समजून घेतला पाहिजे. जे यंत्र नस दाखवते तेच गर्भही दाखवते. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. हाती उचलून नेता येण्याजोग्या यंत्रांवर नियम आणखी कडक आहेत: नोंदणीकृत रुग्णालयाच्या आत दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून, एवढ्यापुरताच त्यांचा वापर करता येतो. मुलींचे जीव वाचवण्यासाठी ही बंधने आली आहेत आणि ती सैल व्हावीत असे कोणीही म्हणू नये.

पण फिरत्या पथकाचा दरवाजा कायद्यानेच उघडा ठेवला आहे. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा किंवा कोरचीसारख्या तालुक्यांत पावसाळ्यात नद्यानाले भरले की कित्येक गावांचा रस्ता तुटतो. तिथल्या रुग्णाने कोपर दाखवायला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, ही अपेक्षा रास्त नाही. नोंदणीकृत फिरत्या पथकाच्या गाडीत नसा पाहता येणारा प्रोब आणि तो चालवणारे प्रशिक्षित डॉक्टर असतील, तर रिॲक्शनची शंका असलेल्या रुग्णाचा निर्णय गावातच होऊ शकेल. चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे कौशल्य शिकवण्याची आणि त्यावर इथल्या रुग्णांमध्ये संशोधन करण्याची जागा याहून योग्य कोणती?

घाईचे कारण औषधांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेली बहुऔषधी उपचारपद्धती सहा महिने किंवा एक वर्ष घेतली की जंतू मरतात, आणि ही औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्यांनी जंतू मरतो, पण दाह शमत नाही. नसेचा दाह शमवायला वेगळे औषध, म्हणजे स्टिरॉइड, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. नस कमजोर होऊन सहा महिने उलटण्याआधी ते सुरू झाले तर संवेदना आणि ताकद परत येण्याची चांगली शक्यता असते. उशीर झाला की ती झपाट्याने घटते. भारतात कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले, तरीही देशात दरवर्षी सुमारे लाखभर नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात आहेत. त्या प्रत्येकाच्या कोपरामागे, गुडघ्याशी, घोट्यापाशी ही सहा महिन्यांची मुदत लागू आहे.

ही मुदत पाळण्याचे बरेचसे काम यंत्राआधीचे आहे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कमी कळत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटत असेल, करंगळी आत वळू लागली असेल, तर आशाताईंना सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. औषधाचा कोर्स संपलेल्या माणसानेही यातले काही नव्याने जाणवले तर पुन्हा जावे. जी नस आईच्या पोटात तीन महिन्यांत घडते, ती गेल्यावर पुन्हा घडवण्याची विद्या अजून कोणाकडे नाही. तिला वेळेत वाचवण्याची विद्या मात्र आपल्याकडे आहे. ती भामरागडच्या शेवटच्या टोल्यापर्यंत पोचवणे ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी आहे आणि तिचा आग्रह धरणे ही आपली.